शेजारचा संघ



गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. लांबून नावाजलेले मल्ल येतात, मोठ्या इनामाच्या जोडी लागतात, लोक वाहवा करतात. पण फड खरा रंगतो केव्हा? आपल्या गावचा पोरगा शेजारच्या गावच्या पोराशी हात मिळवतो तेव्हा! इनाम असते नारळाचे नि फेट्याचे, पण माणसे उभी राहतात. मागच्या सालच्या हारीचे उट्टे काढायचे असते. ह्या पोराचा बाप आणि त्या पोराचा मामा एकाच बाजारात बैल घेतात. कुस्ती पाच मिनिटांत संपते, पण तिची गोष्ट एस.टी.च्या थांब्यावर वर्षभर चालते.

ह्या शेजारच्या चुरशीबद्दल आज मी बोलणार आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यातली मुले कॉलेजात जातात, तिथे कबड्डी, खो-खो, क्रिकेट, कुस्ती खेळतात. पण ती कोणाबरोबर खेळणार, हे मैदानावर ठरत नाही. ते ठरते विद्यापीठाच्या हद्दीवरून. ही हद्द गेल्या पाऊणशे वर्षांत अनेकदा हलली. हद्द हलली की खेळाडूचे काय होते, बघणाऱ्याचे काय होते, आणि आपल्या हातात काय उरते, एवढेच मी सांगणार आहे.

आधी हा व्यवहार कसा चालतो ते पाहू. कॉलेजचा संघ प्रथम आपल्या विभागातल्या कॉलेजांशी खेळतो. पुणे विद्यापीठात नाशिक जिल्ह्याचा एक विभाग आहे, नगरचा म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा एक, पुणे शहराचा एक आणि पुणे जिल्ह्याचा एक. मग हे विभाग आपसांत खेळतात. त्यांना आंतरविभागीय सामने म्हणतात. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडतात. तो संघ पश्चिम भारतातल्या इतर विद्यापीठांशी खेळायला जातो आणि नशिबाने साथ दिली तर तिथून अखिल भारतीय सामन्यांना. अशी ही शिडी आहे. तिच्या खालच्या पायऱ्या कोणाच्या सोबतीने चढायच्या, हे हद्दीवर अवलंबून असते. शेताचा बांध सरकला की शेजारी बदलतो, तसेच हे.

आता ह्या बांधाची हकीकत ऐका. १९२४ साली गोखले एज्युकेशन सोसायटीने नाशिकला कॉलेज काढले, ते पुढे हंसराज प्रागजी ठाकरसी ह्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या वेळी ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. म्हणजे विद्यापीठाच्या संघात जायचे तर नाशिकच्या पोराला मुंबईच्या कॉलेजांतल्या पोरांशी टक्कर द्यावी लागे. १९३५ साली विद्यापीठांच्या क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला. त्यासाठी मुंबई विद्यापीठाचा संघ निवडताना नाशिकच्या खेळाडूची गाठ कोणाशी पडत असेल, ते तुम्हीच समजा.

पुढे १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले. त्याच्या पदरात जळगावपासून कोल्हापूरपर्यंतचे बारा जिल्हे होते. नाशिक मुंबईकडून पुण्याकडे आले. एका अर्थाने ही सोय झाली, पण शिडी काही लहान झाली नाही. नाशिकच्या पैलवानाला विद्यापीठाचा मान हवा असेल, तर कोल्हापूरच्या तालमीत घोटलेल्या मल्लाला आधी चीत करावे लागे.

१९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले आणि दक्षिणेकडचे जिल्हे तिकडे गेले. पुण्याकडे पाच जिल्हे उरले. पुणे, नगर, नाशिक, धुळे आणि जळगाव. मग १९९० च्या ऑगस्टमध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. आज त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचे नाव आहे. धुळे आणि जळगाव तिकडे गेले. पुढे १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोही त्याच विद्यापीठात राहिला. नाशिक मात्र पुण्याकडेच राहिले. अशा रीतीने तीस वर्षांच्या आत नाशिकच्या कॉलेजांचे दक्षिणेचे सोबतीही गेले आणि पूर्वेचे शेजारीही गेले.

आता कोणी म्हणेल, "मास्तर, यात वाईट काय झाले?" बरोबर आहे. आधी चांगले काय झाले तेच मोजू.

कबड्डीच्या संघात मैदानावर सात जण असतात, आणि पाच राखीव. एकूण बारा. पाच जिल्ह्यांचे एक विद्यापीठ होते तोवर पाच जिल्ह्यांतून बाराच मुले विद्यापीठाचा गणवेश घालत. १९९० नंतर दोन विद्यापीठे झाली. बाराच्या जागी चोवीस मुले झाली. मुलींच्या संघाचेही तसेच. बारा मुलींच्या जागी चोवीस मुली. चोपड्याच्या नाहीतर साक्रीच्या मुलीला पूर्वी निवडीसाठी पुण्याची वाट धरावी लागे, आता जळगावची धरली की झाले. खानदेशातल्या किती मुलांना ह्यामुळे पहिल्यांदा वरच्या पायरीवर पाय ठेवता आला असेल! हा फायदा लहान नाही. ज्यांनी तो मिळवला त्यांच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये.

आता दुसरी बाजू. नकाशा काढा आणि मालेगावावर बोट ठेवा. मालेगावाहून धुळे आग्रा रस्त्याने पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सकाळची भाकरी खाऊन निघाले तर सामना खेळून दिवे लागायच्या आत घरी. पण मालेगाव नाशिक जिल्ह्यात, म्हणून पुणे विद्यापीठात. धुळे जळगावच्या विद्यापीठात. म्हणून विद्यापीठाच्या खालच्या पायऱ्यांवर मालेगावच्या कॉलेजची गाठ धुळ्याच्या कॉलेजशी पडत नाही. आणि आंतरविभागीय सामने पुण्याला असले, तर नाशिकमार्गे जवळजवळ तीनशे किलोमीटरचा प्रवास. भाषा तीच, बाजार तोच, सोयरीक तिकडचीच, पण खेळ मात्र पाठ फिरवून!

ह्यातली खरी गंमत पुढेच आहे, गुरुजी मंडळींनी ती ध्यानात घ्यावी. शालेय क्रीडा स्पर्धांची हद्द निराळी आहे. तिथे तालुका, जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशी चढण असते. आणि नाशिक विभागात नाशिकबरोबर धुळे, जळगाव, नंदुरबार हे जिल्हे येतात. म्हणजे नववी-दहावीतला मालेगावचा मुलगा विभागीय सामन्यात जळगावच्या मुलाशी खेळतो, हरतो, जिंकतो, त्याचे नाव लक्षात ठेवतो. "पुढच्या साली बघतो तुला," म्हणतो. पुढे दोघेही बारावी होऊन कॉलेजात जातात आणि ती पुढची साल येतच नाही. हा पुण्याकडे बघत खेळतो, तो जळगावकडे. चार वर्षे पाणी घालून वाढवलेले रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावल्यासारखे होते. ते मरते असे नाही, पण मान टाकते.

आणि बघणाऱ्यांचे काय? ते तर कोणत्याच कागदावर नसतात. सामना जवळ असला तर गावातली चार माणसे मोटारसायकलीवर बसून येतात. पोराचा बाप येतो. त्याने पोराला कधी खेळताना पाहिलेलेच नसते, तो मैदानाच्या कडेला मागे उभा राहतो आणि पोराने गडी मारला की डोळे पुसतो. तोच सामना पुण्याला गेला तर? दिंडोरी-निफाडकडे गोडी छाटणीचे दिवस असतात. कसमादे पट्ट्यात कांद्याच्या रोपाची, लागणीची धांदल असते. बाप बाग सोडून पुण्याला जाईल का? जाणार नाही. मग पोरगा खेळतो रिकाम्या मैदानावर, आणि घरी येऊन सांगतो, "जिंकलो." बाप म्हणतो, "बरं झालं. पाणी सोडलंस का?" ह्यात बापाचा दोष नाही. जे डोळ्यांनी पाहिले नाही त्याचा अभिमान धरायला वेळ लागतो.

हद्दी काही जिल्ह्यांच्याच असतात असे नाही. १९९८ साली राज्यातल्या वैद्यकीय शिक्षणासाठी आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघाले, आणि ते निघाले आपल्या नाशिकला. ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. पण त्यामुळे राज्यभरची वैद्यकीय, दंत, आयुर्वेद महाविद्यालये आपापल्या जुन्या विद्यापीठांतून निघून एका छत्राखाली आली. पुण्याच्या वैद्यकीय कॉलेजातला खेळाडू आता ज्या विद्यापीठाचा गणवेश घालतो त्याची कचेरी नाशिकला आहे, आणि रस्त्यापलीकडच्या कला महाविद्यालयातला त्याचा मित्र पुणे विद्यापीठाकडून खेळतो. एका गल्लीतले दोघे दोन झेंड्यांखाली!

आता क्रिकेटकडे वळू, कारण त्यावर गावोगाव बोलणे होते. रणजी करंडकाचे सामने १९३४-३५ साली सुरू झाले. तेव्हापासून पुष्कळ वर्षे देशाचे विभाग पाडलेले होते. आपला महाराष्ट्राचा संघ पश्चिम विभागात. शेजारी मुंबई, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. दर साली ह्यांच्याशीच गाठ. त्यामुळे बडोद्याचा गोलंदाज कोण, मुंबईचा सलामीचा फलंदाज कोण, हे लोकांना घरच्या माणसासारखे ठाऊक. पण ह्या व्यवस्थेत एक काटा होता. विभागातून एकच संघ पुढे जाई, आणि आपल्या विभागात होती मुंबई! १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे मुंबईने करंडक जिंकला. मग महाराष्ट्राने कितीही चांगले खेळावे, दाराशी मुंबई उभीच.

१९७०-७१ साली नियम बदलला आणि प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले. काय झाले ठाऊक आहे? त्याच साली महाराष्ट्र अंतिम सामन्यात पोचला, समोर पुन्हा मुंबईच. मुंबई जिंकली, पण थोडक्यात जिंकली. पुढे १९९२-९३ साली विभागातून तीन संघ घ्यायचे ठरले, आणि त्याही साली महाराष्ट्र अंतिम सामन्यात होता. त्या वेळी पंजाबने आपल्याला हरवले. म्हणजे पाहा, खेळाडूंच्या अंगात बळ होतेच, दार उघडायला एक नियम पुरला. नियम करणारी मंडळी दूर कुठे बसतात, पण त्यांच्या एका ओळीवर कित्येक मुलांचे नशीब हलते.

मग २००२-०३ साली विभागच मोडले. संघांचे गट निराळ्या रीतीने पाडू लागले. २०२४-२५ च्या मोसमात महाराष्ट्राच्या गटात मुंबई आणि बडोदा होते, पण त्यांच्याबरोबर जम्मू-काश्मीर, त्रिपुरा, मेघालय, ओडिशाही होते. आपल्याच राज्यातला विदर्भाचा संघ निराळ्या गटात, गुजरात तिकडेच, सौराष्ट्र आणखी तिसरीकडे. कोणी म्हणेल, ही खिचडी झाली. पण ह्याच खिचडीत त्या साली जानेवारी महिन्यात जम्मू-काश्मीरने मुंबईच्या कसलेल्या संघाला मुंबईतच हरवले. जुनी विभागांची भिंत असती तर साखळीत त्यांची गाठच पडली नसती. आणि त्याच सुमारास आपल्या नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्र आणि बडोदा समोरासमोर आले. जुने शेजारी, पुन्हा एकाच अंगणात. दूरच्या पाहुण्यामुळे नवे काही शिकायला मिळते, आणि शेजाऱ्यामुळे मैदान भरते. खेळाला दोन्ही हवेत.

मंडळी, हा प्रश्न आपल्याच देशातला नाही. अमेरिकेत कॉलेजांचे खेळ हा फार मोठा कारभार आहे. तिकडचा फुटबॉल निराळा, चेंडू हातात धरून पळायचा. त्याला गावेच्या गावे लोटतात. तिथे विद्यापीठांचे गट असतात, आणि गटातली विद्यापीठे दर साली एकमेकांशी खेळतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांचा असा एक जुना गट १९१५ साली निघाला होता. २०२४ साली त्यातली बारापैकी दहा विद्यापीठे एकदम दुसऱ्या गटांत निघून गेली, दोनच उरली. कारण पैसा. सामने दूरदर्शनवर दाखवण्याबद्दल ज्या गटाला जास्त रक्कम मिळते, तिकडे सगळ्यांची धाव. आता लॉस एंजेलिसची मुले गटातले सामने खेळायला चार हजार किलोमीटर दूर न्यू जर्सीपर्यंत जातात. काश्मीर ते कन्याकुमारी ह्या सरळ अंतराहूनही हे जास्त. परीक्षा कधी द्यायची, झोपायचे कधी, हे त्या मुलांनाच विचारावे.

पण त्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. ओरेगन नावाच्या राज्यात दोन विद्यापीठे आहेत, ओरेगन आणि ओरेगन स्टेट. दोघांच्या गावांमध्ये अंतर पासष्ट किलोमीटरच्या आसपास. त्यांचा आपसातला पहिला सामना १८९४ साली झाला. २०२४ साली एक विद्यापीठ गट सोडून गेले, दुसरे मागे राहिले. लोकांना वाटले, संपले आता. पण २०२४ आणि २०२५ ह्या दोन्ही साली त्यांनी गटाच्या बाहेर, आपसांत ठरवून, तो सामना खेळला. गट फुटला, तरी शेजार त्यांनी लगेच सोडला नाही.

आता मी पुन्हा मालेगाव-धुळ्याच्या रस्त्यावर येतो. पासष्ट किलोमीटरवरच्या दोन विद्यापीठांनी जे केले, ते पन्नास किलोमीटरवरच्या दोन कॉलेजांना का जमू नये? विद्यापीठाची हद्द खेळाच्या तक्त्यावर असते. स्नेहसामना खेळू नये असे ती सांगत नाही. एका क्रीडाशिक्षकाने दुसऱ्याला एक पत्र लिहायचे, दोन्हीकडच्या प्राचार्यांची परवानगी घ्यायची, एक तारीख नेमायची. दर साली तीच तारीख. एक साल इकडे, एक साल तिकडे. ढाल साधी असली तरी चालेल, पण तिच्यावर दर सालचा विजेता कोरला गेला पाहिजे. खर्च? एका गाडीचे डिझेल आणि दुपारचे पिठले-भाकर. सटाण्याने पिंपळनेरशी, नांदगावने चाळीसगावशी असेच नाते जोडावे. दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांना ओळखतात, त्यांना बोलावणे धाडण्याची गरजही पडणार नाही.

दुसरी गोष्ट, गुरुजी, एक वही ठेवा. साधी पाठकोऱ्या कागदांची चालेल. कोणत्या साली कोणाशी सामना झाला, कोण खेळले, कोण जिंकले, एवढे लिहा. संघाची परंपरा म्हणजे दुसरे काय असते? कोणीतरी लिहून ठेवलेले आणि कोणीतरी वाचून दाखवलेले. हद्दी बदलल्या की पहिल्यांदा जुन्या सामन्यांची आठवण जाते, कारण ती कोणाच्या दप्तरात नसते. नव्या मुलाला वाटते, आपल्या कॉलेजचा खेळ आपल्यापासूनच सुरू झाला. त्याला वही दाखवा. त्याची पाठ ताठ होईल.

तिसरी गोष्ट तुम्हा सर्व श्रोत्यांसाठी. उद्या कोठे नवे विद्यापीठ निघेल, जुने मोडेल, जिल्हे इकडचे तिकडे होतील. २००४ साली सोलापूर ह्या एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ निघालेच. उद्या नाशिकसाठीही कोणी तसे म्हणेल. त्या वेळी परीक्षा, पदव्या, कचेऱ्या ह्यांचा विचार होईल आणि तो व्हायलाच हवा. पण सभेत उठून तीन प्रश्न तुम्हीही विचारा. ह्यामुळे आमच्या किती मुला-मुलींना संघात जागा मिळेल? त्यांना खेळायला किती दूर आणि किती दिवस जावे लागेल? आणि त्यांचा सामना बघायला आमच्यापैकी कोण पोचू शकेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नव्या विद्यापीठाच्या बाजूने येईल. दुसऱ्या नि तिसऱ्याचे काय येते, ते नकाशा पुढे ठेवून बघायचे. तिन्ही प्रश्न मांडून जो निर्णय होईल, तो पुष्कळसा शहाणपणाचा होईल.

हद्द आखणारे लोक वाईट नसतात. शेताची मोजणी करणारा मोजणीदारही वाईट नसतो. पण साखळी टाकताना त्याला बांधावरचे आंब्याचे झाड दिसले पाहिजे, आणि न दिसले तर ते दाखवायला शेतकरी तिथे हजर पाहिजे. ते झाड दोन्ही घरची पोरे मिळून चढतात. बांध सरकला म्हणून झाड तोडायचे नसते.

तेव्हा येत्या हिवाळ्यात आपल्या तालुक्याच्या कॉलेजचा सामना कधी आहे, कोणाशी आहे, एवढी चौकशी तरी करा. जवळ असेल तर जाऊन उभे राहा. आणि शेजारच्या संघातल्या पोराने चांगला गडी मारला, तर त्याच्यासाठीही एक टाळी वाजवा. पुढच्या साली तो पुन्हा आपल्या मैदानावर यायला हवा ना!